नागपूरचा मे महिना आणि ४.२ गिगाहर्ट्झ : आठ महिन्यांनंतर

आधी मशीन सांगतो. एएमडीचा रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम. प्रोसेसर २०१९ चा. सहा कोअर (म्हणजे आतले सहा छोटे प्रोसेसर), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या बारा ओळी), मूळ वेग ३.६ आणि गरज पडली की आपणहून ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. माझं काम म्हणजे नातेवाइकांच्या लग्न-मुंजींचे व्हिडिओ एडिट करणं आणि रात्री थोडे गेम. डिसेंबरात डोक्यात ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचं, खूळ शिरलं. एक पैसा न घालता वेग वाढतो म्हणतात, तर बघूच.

पैसा लागलाच. सोबत आलेल्या पंख्यावर प्रोसेसर भर कामात ७८-८० अंशांवर टेकायचा. पंख्याचा दोष नाही, तो ६५ वॅटच्या हिशेबानंच दिलेला असतो. म्हणून १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर आणला, आणि तो बसवताना पहिला दणका बसला. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट सुकून घट्ट झालेली. मी हीटसिंक (पंख्याखालचा धातूचा ठोकळा) सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून बाहेर! एएम४ (माझ्या बोर्डाच्या सॉकेटचा प्रकार) च्या प्रोसेसरला खाली १३३१ बारीक पिना असतात. त्यातल्या तीन वाकल्या. ०.७ च्या पेन्सिलीतलं शिसं काढून, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून त्या सरळ केल्या. अर्धा तास मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. तुम्ही काढाल तेव्हा मशीन दहा मिनिटं कामाला लावून पेस्ट गरम करा, मग बंद करून, वायर काढून हीटसिंक डावी-उजवीकडे हलक्या हातानं फिरवा आणि सुटला की मगच उचला.

आता मूळ प्रकरण. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) दोनच आकडे महत्त्वाचे, मल्टिप्लायर आणि व्होल्टेज. बोर्डाचं मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला ४२ नं गुणलं की ४२०० झाले. (इंटेलवाल्यांनी आधी प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'के' आहे का ते बघावं. साध्या मॉडेलांच्या मल्टिप्लायरला कुलूप असतं.) गुणाकार सोपा आहे, भानगड सगळी व्होल्टेजची. कमी दिलं तर मशीन कोसळतं, जास्त दिलं तर तापतं आणि चिपचं आयुष्य घटतं. मी १.३ व्होल्ट ही लक्ष्मणरेषा ठरवली. तेवढ्यावर ४१ चाललं, ४२ चाललं. ४२.५ वर सिनेबेंच ही वेगाची चाचणी आरामात पार पडली, म्हणून मी खूश. पण प्राइम९५ या जास्त कडक चाचणीत विसाव्या मिनिटाला एक थ्रेड चुकून बंद पडला. एकदा तर स्क्रीनच येईना. मग बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढून, पाच मिनिटं थांबून परत लावला, की सगळं मूळपदावर. हा सेल कुठे आहे ते सुरुवात करायच्या आधीच बघून ठेवा, नाहीतर ऐनवेळी ग्राफिक्स कार्डाखाली बोटं घालत बसाल.

मिळालं काय? ५२ मिनिटांचं एक एक्स्पोर्ट (एडिट झालेला व्हिडिओ फाइल म्हणून बाहेर काढणं) ४९ मिनिटांत. बस. कारण मूळ सेटिंगवरही सगळे कोअर ३.९ च्या आसपास धावतच होते. वीज मात्र वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२ चं १.३ आणि ३.९ चं ४.२ केलं, तर हिशेबानं आठ टक्के वेगासाठी २६ टक्के जास्त वीज. प्लगच्या मीटरवर पंचवीसेक वॅटचा फरक मला रोज दिसायचा.

खरा फरक पडला तो रॅमनं, आणि तो बघून स्वतःचाच राग आला. माझी रॅम ३२०० वेगाची, पण तिला त्या वेगानं चालवणारं बायोसमधलं एक्सएमपी हे सेटिंग कधी चालूच केलं नव्हतं. दोन वर्षं ती २४०० वर रखडत होती. एक बटण दाबलं आणि गेममधले झटके बरेच कमी झाले. नवख्यानं सुरुवात इथूनच करावी. मल्टिप्लायरला हात नाही लावला तरी चालेल.

जानेवारीत खोली २० अंश, प्रोसेसर ७२. मजेत. मग मे आला. आमच्या नागपुरात 'कूलर' म्हटलं की खिडकीतला, खसाच्या ताट्यांचा. त्याची हवा थेट कॅबिनेटवर सोडायची अक्कल मीच लढवली. ओलसर हवेनं धूळ हीटसिंकच्या पात्यांवर पिठासारखी थापली गेली. तीन आठवड्यांनी उघडलं तर टूथब्रशनं खरवडावी लागली. त्यात दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर मशीन चालायचं, पण कूलर बंद. खोली ३७, प्रोसेसर ९०. ९५ ला तो स्वतःच वेग कमी करतो, पण माझं मशीन त्याआधीच, भाचीच्या लग्नाचं एक्स्पोर्ट ८३ टक्क्यांवर असताना, रीस्टार्ट झालं. चिप तापली की त्याच वेगाला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थंडीत पास झालेले आकडे उन्हाळ्यात नापास. बाबा दारातून म्हणाले, "मशीनले ऊन लागलं का रे?"

मग ४१ वर आणलं, आणि त्यात गंमत अशी झाली की एकाच कोअरवर चालणारी कामं मूळपेक्षाही हळू. मुकाट मोकळं सोडलं असतं तर तो एकटा कोअर ४.२ गाठत होता. मीच त्याला ४.१ ला बांधून ठेवलं. जूनमध्ये हट्ट सोडला. आता वेग ऑटोवर, व्होल्टेज उलट ०.०५ नं कमी, रॅम ३२०० वर. तेच एक्स्पोर्ट साडेबावन्न मिनिटं घेतं आणि पंखा ऐकू येत नाही. ओव्हरक्लॉकनं चिप बिघडली तर वॉरंटी मिळत नाही, हेही आता रात्री आठवत नाही.

टॉवर कूलरचे पैसे वसूल. बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवलेत, एकाचं नाव 'थंडी', दुसऱ्याचं 'मे'. आज ऑगस्ट आहे, बाहेर पाऊस पडतोय, तरी 'मे'च चालू आहे.