करारावरची बॅच की स्वतःची? इंदूरकडच्या ब्रॉयलरवाल्यांसाठी

महू, मानपूर, सांवेर या बाजूला ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांची, शेड उभी राहिली की पहिला प्रश्न हाच असतो: करारावर कंपनीची पिल्लं घ्यायची (पिल्लं आणि खाद्य तिचं, सांभाळ आपला) की स्वतःची टाकायची? मी दोन्ही करून पाहिलं आहे. जागा किती, पाण्याची सोय कशी, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यात शिरत नाही.

नव्या माणसाने करारावर सुरुवात केली तर मी त्याला अडवणार नाही. शेडचं काम तिथे अंगवळणी पडतं. सुपरवायझर डोक्यावर असतो, म्हणून खाद्य, मरतुक आणि वजन रोजच्या रोज कार्डावर चढतं. पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेतची लस), दुसऱ्यात गंबोरोची लस, कुठलीच तारीख चुकत नाही. ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पहिले काही दिवस पिल्लांना ऊब देताना, थर्मामीटर बघण्याआधी पिल्लं कशी पसरली आहेत ते बघायचं, ही नजर मला तिथेच आली. शिवाय दर पडला तर तो कंपनीच्या माथी. २०२०च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवांनी चिकनचा दर कोसळला, आणि वर्षभरात इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले, बर्ड फ्लू निघाला, पुन्हा तेच. दोन्ही वेळा स्वतःची बॅच असलेल्यांची जी झोप उडाली ती करारवाल्यांची उडाली नाही. अर्थात, अशा वेळी कंपनीने पिल्लं टाकताना हात आखडला की शेड रिकामी, हेही खरं.

मग मी बाहेर का पडलो? उचल, म्हणजे तयार पक्षी कंपनीने गाडीत भरून नेणं. बाकीच्या तक्रारी किरकोळ होत्या.

पक्षी तयार झाला तरी गाडी कधी येणार ते कंपनी ठरवते, आणि ती बाजार बघून ठरवते. समजा, पक्षी दोन किलोचा झाला, तोवर त्याने ३.३ किलो खाद्य खाल्लं. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य, १.६५. जितका कमी तितका बरा, म्हणजे हा छान. आता मे महिना आहे आणि गाडी चार दिवसांनी आली. पक्षी दिवसाला १७० ग्रॅम खातो, पण धापा टाकत बसल्यामुळे वाढतो जेमतेम ६० ग्रॅम. चौथ्या दिवशी तोच एफसीआर १.७८ होतो. पक्षी जड झाला की एफसीआर थोडा चढतोच, त्याची सूट कंपनी हिशेबात धरते, पण उन्हाची कोण धरणार? त्यात उन्हाने मरतात ते मोठेच पक्षी, आणि ती मरतुक आपल्या नावावर. म्हणजे एफसीआर आणि मरतुक कमी ठेवल्याबद्दल मिळणारा, महिनाभर सांभाळलेला इन्सेन्टिव्ह शेवटच्या चार दिवसांत जातो, तोही ज्या निर्णयात आपलं मत कुणी विचारलं नाही त्यापायी. मी ज्या कंपनीबरोबर होतो तिथे उन्हाळ्यात हे नेहमीचं झालं होतं. सगळ्याच कंपन्या अशा असतील असं म्हणत नाही. तुमच्या भागात उचल वेळेवर होत असेल तर तुम्ही भाग्यवान.

स्वतःच्या बॅचमध्ये हे दुखणं नाही, दुसरी आहेत. पाच हजार पक्ष्यांना साडेसोळा टन खाद्य लागतं, म्हणजे पन्नास किलोच्या ३३० बॅगा, आणि तो पैसा माल विकायच्या आत उभा करावा लागतो. सोयाबीनच्या मुलखात आहोत म्हणून सोया डीओसी (तेल काढून उरलेली, खाद्यात घालायची पेंड) स्वस्त मिळेल या भरवशावर राहू नका. २०२१ मध्ये डीओसीचा भाव इतका चढला होता की सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन आयातीला परवानगी दिली. कंपनीचा डॉक्टरही नसतो. मरतुक वाढली की ताजे मेलेले पक्षी घेऊन महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आपणच जायचं.

पण खरं कौशल्य लागतं तारखांमध्ये, आणि तिथे मला मजा येते. महाराष्ट्रातले नातेवाईक गटारीच्या तोंडावर माल काढ म्हणतात. इथे तो हिशेब बसत नाही. आपल्या घरी श्रावण आषाढी अमावास्येनंतर लागतो, पण इंदूरचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. गटारी येईतो गिऱ्हाईक पंधरा दिवस आधीच पांगलेलं असतं. म्हणून मी ज्येष्ठ लागता लागता पिल्लं टाकतो. तेव्हाच्या उन्हात ब्रूडिंगचा कोळसा वाचतो, पक्षी जड होईतो पाऊस पडून हवा उतरलेली असते आणि पौर्णिमेआधी शेड मोकळी होते. लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा, तेवढं रोज हलवावं लागतं, दमट हवेत ते लगेच गोळा होतं. हे सगळं करारावरही कळत होतं, उपयोग काही नव्हता.

व्यापारी रात्री दोनला गाडी लावून किलोमागे दर पाडतो, तो त्रास मात्र कायमचा आहे. तरी त्याला परत पाठवायचा हक्क माझा असतो, एवढ्यावर मी तो सोसतो.

हाताशी सलग दोन बॅचचं भांडवल नसेल तर करारातच राहा, आणि कार्डाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. मरतुक बॅचमागून बॅच चार टक्क्यांच्या आत राहू लागली की विचार करायला हरकत नाही. पहिली बॅच अर्ध्या शेडचीच टाका. ओळखीचे व्यापारी निदान दोन हवेत, आणि काटा आपला.