चाकाचे नट जाम झाले तर : क्रॉस पाना की ब्रेकर बार?

गाडीबरोबर मिळालेल्या एल पान्याने नट हलत नाही, हे एकदा अनुभवलं की माणूस बाजारात जातो. तिथे त्याच्यापुढे तीन गोष्टी येतात. चार तोंडांचा क्रॉस पाना, लांब दांड्याचा ब्रेकर बार आणि बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन. पहिल्या दोन मी विकत घेतल्या. तिसरी मेहुण्याकडे आहे आणि ती मी बऱ्याचदा मागून आणलेली आहे. माझी गाडी जुनी स्विफ्ट, १४ इंची चाकं, १९ नंबरचे नट. मी चिपळूणला राहतो आणि गाडी उघड्यावर उभी असते. पावसाळ्याचे चार महिने नटांवर काय परिणाम करतात हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

नट जाम होण्यात गंजाचा वाटा असतो, पण माझ्या अनुभवात त्याहून मोठा वाटा हवेच्या गनचा. पंक्चरच्या दुकानात चाक बसवताना गन लावून ‘टर्रर्र’ करून सोडून देतात. छोट्या गाड्यांचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरने (हे पिळण्याच्या जोराचं माप) आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गनने आवळताना हा आकडा कोणी बघत नाही. त्यावर दोन पावसाळे गेले की नट आणि चाक एकजीव झाल्यासारखे होतात.

आता हातातल्या पान्याचा हिशोब. गाडीबरोबरच्या एल पान्याचा दांडा साधारण ३० सेंटिमीटर असतो. माझं वजन ६८ किलो. दांडा आडवा ठेवून त्याच्या टोकावर पूर्ण उभा राहिलो तर नटावर २०० न्यूटन-मीटर येतात. आकडा कमी नाही, बरेच नट एवढ्याने सुटतात. अडचण त्या पान्याच्या तोंडाची आहे. ते उथळ असतं आणि वापरून वापरून सैल होतं. पायाने झटका दिला की पाना निसटतो आणि नटाचे कोपरे घेऊन जातो. एकदा कोपरे गेले की काम अवघड होतं. मग एक नंबर लहान गोटी (म्हणजे सॉकेट, पान्याचं सुटं तोंड) हातोडीने ठोकून बसवायची किंवा आतून पिळाचे आटे असलेली खास गोटी आणायची. मी एका नटावर हे दोन्ही करून बघितलंय. पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणूनच पुढची खरेदी झाली.

पहिली खरेदी क्रॉस पान्याची. अठरा इंची, जड, १७, १९, २१ आणि २३ ची तोंडं. एक हात खाली दाबतो, दुसरा वर ओढतो, त्यामुळे जोर नटाच्या मधोमध राहतो. पाना तिरका होत नाही आणि निसटत नाही. कोपरे वाचवायचे असतील तर याच्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही, असं मला आजही वाटतं. नट एकदा ढिला झाला की मधला भाग धरून गरगर फिरवता येतो आणि चारही नट दोन मिनिटांत हातात येतात. शिवाय घरात दोन कंपन्यांच्या गाड्या असतील तर एकाच पान्यात काम भागतं. माझ्या भावाच्या ह्युंदाईला २१ लागतो, शेजाऱ्यांच्या फोक्सवॅगनला १७ चे बोल्ट आहेत. तिघांचं त्या एका पान्यावर चाललं. घरी, पार्किंगमध्ये, चाकं पुढची मागे करताना मी तो वर्षभर वापरला आणि समाधानी होतो.

मग एका जुलैमध्ये कुंभार्ली घाट चढताना, पोफळी मागे पडल्यावर, डाव्या बाजूचं मागचं चाक एका टोकदार दगडावर गेलं. टायर बाजूने फाटला आणि हवा एकदम गेली. संध्याकाळ, पाऊस, बायको छत्री आणि टॉर्च धरून उभी. वरचे दोन नट क्रॉस पान्याने सहज सुटले. खालच्या नटाला पाना लावला तर त्याचा खालचा हात रस्त्याला टेकला. कोन बदलून लावला, तरी दुसरा हात टेकला. चार हात काटकोनात असल्यामुळे एक वर गेला की दुसरा खाली येतोच. थोडीफार जागा मिळायची तेवढ्यात नटाला नुसता दाब बसायचा, झटका द्यायला वाव नव्हता.

यावर उपाय आहेत आणि ते मला तेव्हाही माहीत होते. गाडी थोडी पुढे घेतली तर खालचे नट वर येतात. पण घाटातल्या चढावर, फाटलेल्या टायरवर, अंधारात गाडी हलवायची माझी तयारी नव्हती. दुसरा उपाय जॅकने गाडी थोडी उचलायचा. टायर जमिनीला टेकलेलाच राहील, पण चाकाचा मध्य वर येईल, एवढंच. तो मी केला, आणि पावसाने भिजलेल्या साइडपट्टीत जॅकच खाली रुतायला लागला. जॅकवर पूर्ण उचललेल्या गाडीच्या नटाला झटके देणं धोक्याचं, गाडी जॅकवरून सरकू शकते. म्हणून मी तिथेच थांबलो.

एक ट्रकवाले काका थांबले. त्यांनी केबिनमधून हातभर लांब लोखंडी पाइप काढला आणि माझ्याच एल पान्याच्या दांड्यावर चढवला. मला म्हणाले, “तुम्ही फक्त तोंड नटावर दाबून धरा, सोडू नका.” मी दोन्ही हातांनी तोंड धरून ठेवलं. त्यांनी पाइप डाव्या हाताला, थोडा वर झुकवून ठेवला आणि अंगाचं वजन सावकाश टाकलं. झटका अजिबात नाही. ‘कर्र’ आवाज करत नट सुटला, मग दुसरा.

घरी आल्यावर मी टेप घेऊन बसलो. चाकात हवा असताना खालच्या दोन नटांचा मध्य जमिनीपासून साधारण २६ सेंटिमीटरवर येतो. हवा पूर्ण गेली की गाडी जवळजवळ रिमवर बसते आणि तोच नट १८ सेंटिमीटरवर येतो. माझ्या क्रॉस पान्याचा एक हात साडेबावीस सेंटिमीटर. म्हणजे घरी वर्षभर जो पाना नीट फिरत होता, तो नेमक्या पंक्चरच्या वेळी फिरणार नव्हता. मोठ्या गाड्यांना हा त्रास नसेल असं वाटणं साहजिक आहे, पण हवा गेल्यावर टायरच्या उंचीला अर्थ राहत नाही, रिमची उंची तेवढी उरते. पाच नटांच्या गाड्यांचे नट मध्यापासून बऱ्याचदा जास्त लांब असतात, त्यामुळे सगळ्यात खालचा नट आणखी खाली जातो. चौदा इंची छोटा क्रॉस पाना घेतला तर तो फिरेल, पण त्याचा एक हात जेमतेम १८ सेंटिमीटर, आणि मग जाम नटाला जोर पुरत नाही.

माझ्यापुरता प्रश्न या एका त्रासाने मिटला. बाकी सगळ्या बाबतीत क्रॉस पाना मला आवडत होता.

त्यानंतर २४ इंची ब्रेकर बार घेतला, गोटी बसवायची चौकट अर्ध्या इंचाची, आणि त्याला १९ ची खोल, सहा कोनांची गोटी. गोटी सहा कोनांचीच घ्यावी. बारा कोनांची पटकन बसते, पण गंजलेल्या नटाच्या कोपऱ्यांवरच तिचा सगळा जोर येतो. दांडा ६० सेंटिमीटरचा असल्यामुळे माझं निम्मं वजन टाकलं तरी नटावर तेच २०० न्यूटन-मीटर येतात, आणि ते सावकाश टाकता येतात. दांडा एकच असल्याने जिथे जागा असेल तिथे वळवता येतो. हात नऊच्या काट्यापेक्षा थोडा वर ठेवायचा आणि खाली दाबायचा. नट सुटायला जेवढं फिरावं लागतं तेवढी जागा पूर्ण बसलेल्या चाकालाही मिळते. हे मी पुढच्या उन्हाळ्यात घरी मुद्दाम हवा सोडून करून बघितलं.

त्याचे दोष आहेत आणि ते लपवण्यासारखे नाहीत. जोर एकाच बाजूने येतो, म्हणून बारचं गोटीकडचं डोकं हाताने नटावर दाबून धरावंच लागतं. काकांनी मला तेच करायला लावलं होतं. एकटे असाल तर बारच्या डोक्याखाली दगडाचा टेकू द्यावा. दांडा लांब असल्याने नट सुटतोय की स्टडच (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा खुंट) पिळतोय हे हाताला उशिरा कळतं. दांडा मऊ वाटायला लागला, आवाज न करता फिरायला लागला, तर थांबावं. नट ढिला झाल्यावर मात्र हा अवजड दांडा फिरवत बसणं कंटाळवाणं काम आहे, तिथे क्रॉस पाना कितीतरी पुढे. गाड्या वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक नंबरची गोटी वेगळी घ्यावी लागते. आणि या दांड्याने नट आवळू नयेत, मी तरी आवळत नाही. त्याने आवळलेला नट पुढच्या वेळी पुन्हा जाम मिळेल.

रॅचेटला, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी पान्याला, लांब पाइप लावून हेच काम करणारे मी पाहिलेत. रॅचेटच्या आतले दात त्यासाठी नसतात, ते तुटतात.

मेहुण्याच्या इम्पॅक्ट गनबद्दल थोडक्यात. घरी चार्ज करून, मनासारखी गोटी लावून वापरली तर तिच्यासारखं सुख नाही. ठोके बसतात तसा गंज सुटतो आणि हातांना श्रम नाहीत. पण ती डिकीत ठेवायची वस्तू आहे का, याबद्दल मला शंका आहे. चार महिन्यांत एकदा लागणारी बॅटरी लागेल तेव्हा भरलेली असेलच असं नाही, आणि मे महिन्यातली बंद गाडीतली उष्णता बॅटरीला सोसत नाही. तिला काळ्या, इम्पॅक्टसाठी केलेल्या गोट्याच लागतात, चकचकीत क्रोमच्या गोट्या ठोक्यांनी तडकू शकतात. महिन्यातून दोनदा चाकं काढणाऱ्याने ती जरूर घ्यावी. माझ्यासारख्याला ती महाग पडते.

कोणतंही हत्यार घेतलं तरी त्याआधीची दहा मिनिटं महत्त्वाची, कारण बरेचदा तिथेच काम होतं. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, हँडब्रेक ओढून आणि समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावून. नटाच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल फवारायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. ते ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रममध्ये जाऊ द्यायचं नाही. मग गोटी लावून हातोडीने सरळ दोन-तीन ठोके. तरी हलला नाही तर आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. हे उलटं वाटतं, पण गंजाची पकड पहिल्यांदा तुटते ती अशीच. टायर असलेल्या चाकाजवळ गॅसची ज्योत कधीही नेऊ नये. जुन्या विलिस जीपच्या मालकांनी एक लक्षात ठेवावं. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तिथे नट जाम वाटला तर दांडा लांब करण्याआधी दिशा तपासावी.

सगळे नट निघाले आणि चाकच निघेना, असंही होतं, विशेषतः अलॉय चाकांचं. अॅल्युमिनियम आणि लोखंड ओल्या हवेत एकमेकांना धरून बसतात. तिथे हे तिन्ही पाने कामाचे नाहीत. नट परत हाताने बसवायचे, दोन फेरे ढिले ठेवायचे, गाडी जॅकवरून उतरवून चार-पाच फूट हळू पुढेमागे करायची. चाक स्वतःच सुटतं.

तर ठरवताना एवढं करा. आपल्या गाडीच्या सगळ्यात खालच्या नटाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा आणि त्यातून हवा गेल्यावरचे सात-आठ सेंटिमीटर वजा करा. क्रॉस पान्याचा एक हात त्याहून लहान आणि तरीही वीस सेंटिमीटरच्या वर असेल, तर तो आनंदाने घ्या, निसटण्याची भीती त्यात कमी आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत हे गणित जुळणार नाही असा माझा अंदाज आहे. ज्यांच्या हातात जोर कमी आहे, म्हणजे माझी आई किंवा नुकती गाडी शिकलेली भाची, त्यांना मी ब्रेकर बारच सुचवला. भाचीने गेल्या महिन्यात माझ्यासमोर चारही नट सोडले. डोकं धरायला तिला फक्त एकदा सांगावं लागलं.

माझा क्रॉस पाना आता पार्किंगमधल्या कपाटात आहे, टॉर्क रेंचच्या (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याच्या) शेजारी. चाकं बसवताना तोच आधी हातात घेतो, नट समोरासमोर आवळतो, शेवटचा जोर टॉर्क रेंचने देतो आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासतो. डिकीत स्टेपनीच्या खाली जुन्या गोधडीच्या तुकड्यात ब्रेकर बार गुंडाळलाय, गोटी त्याला लावूनच ठेवलेली, म्हणजे अंधारात शोधायला नको.