रोजचा एक तास की आठवड्याचा एक दिवस?

सांगलीतील एका भाषांतरकार मैत्रिणीचा प्रश्न असा की, मानधनाची कामे सांभाळून ब्लॉग लिहायचा तर रोज पहाटे तासभर बसावे, की आठवड्यातील एक वार त्यासाठी मोकळा ठेवावा.

पैशाच्या दृष्टीने पहाटेचा तास स्वस्त पडतो. शब्दामागे दर ठरलेल्या कामात मोकळा ठेवलेला वार म्हणजे सरळसरळ बुडालेली मजुरी असते. शिवाय ‘उद्या सकाळपर्यंत हवे’ असा निरोप नेमका त्या मोकळ्या वाराच्या आदल्या संध्याकाळी येतो.

दर्जाच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीवर लिहायचे, तर हंगामात मार्केट यार्डातील सौद्यांना उभे राहून, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग कसा पाहतो, भाव कुठे अडतो, हे टिपावे लागते आणि ते पहाटेच्या तासात होणे नाही. त्या तासात फार तर जुनी टिपणे नीट लावून होतात.

सवय टिकण्याचे म्हणाल, तर रोजचा तास सरस, कारण एखादा चुकला तरी दुसऱ्या दिवशी भरून निघतो.

ज्यांचे घर मानधनावर चालते आणि लेखन अनुभव-टिपणांचे आहे, त्यांनी पहाट धरावी. ज्यांचे दोन-तीन ग्राहक बांधलेले आहेत आणि विषय फिरस्तीचा आहे, त्यांनी वार राखावा व तो ग्राहकांना आधीच कळवावा.