मिनी लेथ घरात : सोलापुरात आठ महिने वापरल्यानंतर

लेथ म्हणजे जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, फिरवून टूलने कापत घडवणारं यंत्र. १८० मिमी स्विंग (फिरू शकणारा सर्वात मोठा व्यास), दोन सेंटरमध्ये (जॉबच्या दोन टोकांच्या आधारांमध्ये) ३५० मिमी, ५५० वॅटची मोटर, वजन साधारण चाळीस किलो. बाजारात 'सात बाय चौदा' (इंचांत) नावाने मिळणारा हा चिनी लेथ. पैसे वसूल होतात, पण पेटीतून काढला आणि बटण दाबलं असं होत नाही. अर्धवट जुळवलेलं यंत्र आलंय असं धरून चाला. आणि सोलापुरात तो नीट चालणार की रडणार, हे निम्मं तो ज्या खोलीत ठेवाल तिच्यावर ठरतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) पहिलं विचारेल, साडेचार फुटी, मोठा लेथ का नाही घेतला? बरोबरच आहे. राजकोट किंवा बटाल्यात बनलेला जुना मोठा लेथ एका कटात जेवढं काढतो, तेवढ्याला याला चार फेऱ्या लागतात. पण त्याचं वजन शेकडो किलो, तो पहिल्या मजल्यावर कोण चढवणार? तळमजल्यावर जागा असेल तर सरळ मोठाच घ्या.

तळमजल्यावर मात्र काळी माती आडवी येते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि वरची फरशी तिच्याबरोबर हलते. टेबलाला पीळ बसला की लेथच्या बेडलाही (खालच्या लांब लोखंडी चौकटीलाही) बसतो. म्हणून टेबल फरशीत जखडू नका. ५० मिमीच्या अँगलची चौकट, वर १९ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून, चारही पायांना उंची बदलणारे बोल्ट. शहाबादी फरशी टाकायचा मोह होतो, पण भोक पाडून बोल्ट आवळला की ती कोपऱ्यात तडकते. लेथखालची रबरी बुटं काढून टाका आणि बेड थेट टेबलाला बोल्टने धरा.

पीळ तपासायला २५ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत स्टीलची कांडी) चकबाहेर, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीबाहेर, १०० मिमी काढा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावू नका. मधला भाग थोडा उतरवून दोन्ही टोकांना कडी (जाड पट्टा) ठेवा. सेटिंग न हलवता दोन्ही कड्यांवर हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. मोकळ्या टोकाची कडी जाड आली तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली पातळ पत्ती सरकवा. बारीक आली तर मागच्या पायाखाली. फरक ०.०१ मिमीपर्यंत आला की थांबा. ही चाचणी उन्हाळा संपताना आणि पावसाळा संपताना पुन्हा करायचीच.

मग कूलर. एप्रिल-मेमध्ये कूलर लावल्याशिवाय पत्र्याच्या खोलीत उभं राहवत नाही, आणि हाच कूलर लेथचा शत्रू. ओल्या वाऱ्याचा झोत रात्रभर बेडवर राहिला तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. खोलीत पंखाच ठेवा. काम संपलं की बेडवर ६८ नंबरच्या तेलाचा हात फिरवा. सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळायचं कटिंग तेल) आम्ही बंद केलं. बोअरच्या जड पाण्यात ते फुटतं, पाणी सॅडलखाली (बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) साचतं आणि गंज तिथे धरतो जिथे दिसत नाही. एमएसला (साध्या स्टीलला) ब्रशने कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला थोडं डिझेल, पितळ कोरडंच.

अर्थिंगकडे कुणी बघत नाही. घराचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, अर्थ कमजोर होतो. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लेथ बंद करून इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घ्या. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत राहा. घरच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नका. कमी आरपीएमला जड कट घेऊन मोटर अडली की स्पीड कंट्रोलचं कार्डही जळतं.

जुळवणीत सगळ्यात जास्त वेळ गिबला, म्हणजे सरकत्या भागांचा सैलपणा घालवणाऱ्या पट्टीला, द्या. क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारा भाग) आणि कंपाउंड (त्यावरचा, तिरपा फिरवता येणारा भाग) यांचे गिब स्क्रू कारखान्यातून सैल येतात. एकेक स्क्रू आवळत, हँडल फिरवून बघत जा. हँडल जड वाटलं की पाव फेरा मागे. चकचे जॉ (जॉब पकडणारे जबडे) क्रमाने, १, २, ३ असेच बसवा. तीन जॉच्या चकमध्ये ०.०५ ते ०.१ मिमी रनआउट (फिरताना केंद्रापासून हलणं) गृहीत धरा आणि ज्या व्यासांना एकमेकांशी जुळायचं आहे ते जॉब न सोडता एकाच पकडीत करा.

टूलची उंची बघायला सहा इंची पट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये अलगद दाबा. पट्टी सरळ उभी राहिली की टूल सेंटरला. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकलं तर वर. खाली पॅकिंगला हॅकसॉ ब्लेडचे तुकडे चालतात, एक साधारण ०.६ मिमी.

आरपीएमचा हिशेब: एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने एमएस कापताना मिनिटाला २५ मीटर धरा. २५ मिमी व्यासाला ते सव्वातीनशेच्या आसपास येतं. ॲल्युमिनियमला तिप्पट चालेल. गरम जॉब मोजू नका: २५ मिमीचा स्टील जॉब ४० अंशांनी तापला तर सुमारे ०.०१२ मिमी फुगतो, ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट.

पार्टिंग, म्हणजे जॉब कापून वेगळा करणं, ही याची खरी परीक्षा, आणि पहिल्या महिन्यात बहुतेक ब्लेड इथेच मोडतात. कारण एकच नसतं. कंपाउंड लवतो, गिब सैल, ब्लेड गरजेपेक्षा बाहेर, आणि हात घाबरून फीड (टूल पुढे सरकवणं) थांबवतो. फीड थांबला की ब्लेड घासतं, जॉब किंचाळायला लागतो, मग अचानक ब्लेड आत ओढलं जातं. उपाय: कंपाउंड काढून तिथे स्टीलचा भरीव ठोकळा बसवा. आमच्याकडे एवढ्याने आवाज निम्म्यावर आला. ब्लेड २ मिमीचं, कापायच्या खोलीपेक्षा जेमतेम दोन-तीन मिमी जास्त बाहेर, जॉबशी काटकोनात. कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) लॉक करा, आरपीएम टर्निंगच्या निम्मा, कट चकला चिकटून, आणि हात न थांबवता फीड. चिप कुरळी, अखंड निघत असेल तर जमलं. पिठासारखी भुकटी पडली तर फीड कमी आहे.

आट्यांसाठी (स्क्रूच्या चुड्या कापण्यासाठी) एक गोष्ट पुस्तिकेत धड सांगितलेली नसते. लीड स्क्रूचा (कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूचा) पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.५ मिमी असेल तर १.५, ०.७५ आणि ०.५ पिचला हाफ नट (कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा नट) कुठेही लावा, आटा त्याच खाचेत येतो. १, १.२५ किंवा २ पिचला हाफ नट शेवटपर्यंत उघडायचाच नाही. टूल मागे घ्या आणि मोटर उलटी फिरवून परत या.

पुसायला टॉवेलच्या चिंध्या इथे मुबलक, पण टेरीच्या फासांत बारीक कीस अडकतो आणि पुढच्या वेळी त्याच चिंधीने बेडवर ओरखडे पडतात. आधी ब्रश, मग साधं सुती कापड, आणि तेही चक पूर्ण थांबल्यावर. हातमोजे घालून लेथजवळ जायचं नाही. चकची चावी हातातून सुटायच्या आधी चकमधून निघालीच पाहिजे.

चेंज गिअर (आट्यांचा पिच ठरवणारे बदलायचे गिअर) प्लॅस्टिकचे आहेत म्हणून सगळे लोखंडी करून घेण्याची घाई करू नका. कॅरेज चकवर आदळली की एक प्लॅस्टिकचा गिअर दात देतो आणि बाकीचं वाचतं. नेहमी लागणाऱ्या गिअरचा एकेक जोड आणि दोन फ्यूज खणात ठेवा.