स्टोरीवीव्हर : बालपुस्तकांचं संपादन शिकायला कितपत उपयोगी?

बालपुस्तकांच्या संपादनात येऊ पाहणाऱ्यांनी पैसे भरून कोर्स लावण्याआधी 'स्टोरीवीव्हर' कसून वापरून बघावं. प्रथम बुक्स या ना-नफा बालपुस्तक प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेलं हे गोष्टींचं संकेतस्थळ फुकट आहे. गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने लेखक-चित्रकारांना श्रेय देऊन त्यांत बिनदिक्कत बदल करता येतात.

सर्वांत कामाची सोय म्हणजे गोष्टीची वाचनपातळी बदलणं. पातळ्या चार, पहिलीला साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरीला ६००, तिसरीला १५००. तिसऱ्या पातळीची गोष्ट पहिलीवर आणून बघा. 'लाल फ्रॉक घातलेली मिनू हळूहळू झाडावर चढू लागली' हे वाक्य घ्या. झाड आणि लाल फ्रॉक चित्रात आहेतच. 'मिनू चढली. वर. आणखी वर.' एवढं पुरतं. चित्र जे सांगतंय ते मजकुरातून काढणं हे या कामातलं मुख्य कसब, आणि ते इथे हाताला बसतं.

शब्दमर्यादेवर मात्र विसंबू नका. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'झाडाखालच्या' मोजणीत एकच शब्द, पण नुकतं वाचू लागलेलं मूल त्यावर अडखळतं. पहिल्या पातळीला जोडाक्षरं, रफार आणि चारपेक्षा जास्त अक्षरांचे शब्द मोजा.

भाषांतराचा सरावही होतो. इंग्रजी गोष्टीतल्या प्राण्याचं लिंग पहिल्या ओळीआधीच ठरवा, नाहीतर तिसऱ्या पानावरची 'ती' खार शेवटी 'तो' होते. इथली मराठी भाषांतरं नमुना म्हणून वाचताना ती कुणी केलीत ते बघा. कुणालाही गोष्ट प्रकाशित करता येते, त्यामुळे दर्जा सारखा नाही.

छापील पुस्तकाची जाण मात्र पडद्यावर येत नाही, ही मोठी उणीव. चित्रपुस्तकाची पानं बहुधा आठाच्या पटीत असतात : १६, २४, ३२. आठ कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, तयार होते. शीर्षकाचं आणि श्रेयाचं पान वगळून गोष्ट बसवा. उत्सुकता ताणणारं वाक्य उजव्या पानाच्या शेवटी यावं, उत्तर पान उलटल्यावर. जोडपानावरच्या चित्रात कुणाचा चेहरा शिवणीत तर जात नाही ना, तेही तपासा.

प्रकाशनसंस्थेत मुलाखतीला जाताना मूळ गोष्ट, पातळी बदललेली गोष्ट आणि डमी अशी तिन्ही न्या. कुठलं वाक्य का कापलं, हे समासात लिहिलेलं असू द्या. मुलाखत घेणारा आधी तेच वाचेल.