पेटीचं गंधार ट्यूनिंग, मिरज: काम चोख, वेळेचं काही खरं नाही

मी गणिताची निवृत्त शिक्षिका, गाते काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा षड्ज. तंबोरा लावून पेटीवर बसले की गंधार थरथरायचा. कान बिघडले की काय म्हणून शेवटी वही काढली. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सप्तकाचे 12 सारखे भाग, प्रत्येक स्वर आधीच्याच्या 1.0595 पट. तसे चार टप्पे चढलं की गंधार षड्जाच्या 1.2599 पट होतो. तंबोऱ्याच्या तारांतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र 5/4, म्हणजे 1.25. माझा षड्ज 207.65 हर्ट्झचा, त्याचा पाचवा उपस्वर (पाचपट कंपनांचा) आणि पेटीच्या गंधाराचा चौथा (चौपट) यांत सुमारे 8 हर्ट्झचा फरक पडतो. म्हणजे सेकंदाला आठ हेलकावे. कान शाबूत होते!

मग गंधार ट्यूनिंगसाठी, म्हणजे पेटीचे स्वर तंबोऱ्यातल्या स्वरांशी जुळवून घ्यायला, पेटी मिरजेत एका कारागिराकडे नेली. त्यांनी भाता हलवून दोन-चार स्वर ऐकले आणि विचारलं, "बाई, धैवत कुणाशी जुळवू? गंधाराशी की रिषभाशी?"

एवढ्या प्रश्नासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. गंधाराशी षड्ज-मध्यम भावानं (4/3 पट) जुळवला तर धैवत येतो 5/3. रिषभ 9/8 आहे, त्याच्याशी षड्ज-पंचम भावानं (3/2 पट) जुळवला तर 27/16. दोहोंत 81/80 चा फरक, आणि पट्टी तर एकच. दोन्ही जमवायचं म्हटलं तर गणितच आडवं येतं. ते अपूर्णांक मांडत नाहीत, पण अडचण त्यांना माझ्याआधी ठाऊक होती.

मी भूप रागात एका अभंगाला चाल लावली आहे. ती गंधारावरून थेट धैवतावर जाते, रिषभ नुसता ओझरता येतो. म्हणून म्हटलं, गंधाराशी. त्यांनी रीड (पेटीतली वाजणारी धातूची पाती) मुळाशी अलगद घासून स्वर उतरवला (टोकाशी घासलं तर चढतो), परत बसवला, ऐकला, पुन्हा काढला. एका गंधारासाठी हे पाच वेळा.

आता गंधारावर थांबलं की तो षड्जात विरघळतो. चालीतली ती उडी आधी मला भडक वाटायची आणि मी ती बदलायला निघाले होते. बरं झालं, बदलली नाही.

तक्रार वेळेची. तीन दिवस सांगून अकरा लावले, आणि फोन उचलायची पद्धत तिथे नाही.

दुसरी गोष्ट दुकानाच्या माथी मारता येणार नाही, पण करून घेण्याआधी माहीत हवी. अशी पेटी एकाच षड्जाची होते. आमच्या मंडळातली एक मैत्रीण काळी पाचमध्ये गाते. माझा धैवत हा तिचा पंचम. तो 3/2 हवा, मिळतो 40/27, म्हणजे चांगलाच बसका. दोन ओळींतच तिनं गाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून भजनाला मी मंडळाचीच जुनी पेटी वाजवते.