‘तुमची पिशवी उलटी आहे’ म्हणणाऱ्या माणसाकडे माझी सव्वादोन वर्षं गेली

हे लिहू की नको यात बरेच महिने गेले. पण परवा एका मैत्रिणीने विचारलं की अमुक ठिकाणी नाडी बघून मूल राहण्याचं औषध देतात, जाऊ का? आणि मला अक्षरशः घाम फुटला. म्हणून सगळं लिहितेय, लांब होईल, पण जिला गरज आहे तिने शेवटपर्यंत वाचा.

लग्नानंतर आम्ही साधारण वर्षभर प्रयत्न करत होतो, दिवस राहत नव्हते. मी तेव्हा ३१ ची होते. एक वर्ष नियमित प्रयत्न करून राहिलं नाही तर दोघांनी तपासणी करायची, आणि बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करायची, हे साधं गणित मला कुणी सांगितलं असतं तर! पण घरात एकच वाक्य, "हिला कुणाला तरी दाखवून आणा." हिला. त्याला नाही. मग मावससासूबाईंच्या ओळखीतून आम्ही त्या माणसाकडे गेलो. कसलीही पदवी नाही, वाडवडिलांपासून आलेली विद्या म्हणे.

आता कुणी म्हणेल शिकलेल्या बायका जातातच कशाला. त्याचं उत्तर असं की तो तासभर ऐकून घ्यायचा. लग्नापासूनचं सगळं विचारायचा, मी रडले तर थांबायचा, "ताई, तुम्ही आई होणारच" म्हणायचा. तोपर्यंत माझ्याशी इतकं नीट कुणीच बोललं नव्हतं, डॉक्टरसुद्धा नाही. तिथेच मी अडकले.

त्याने मनगट धरलं आणि मिनिटभरात सांगितलं की गर्भपिशवी उलटी आहे, वर थंडी बसलीय, म्हणून बीज घसरतं. पोट चोळून पिशवी सरळ करायची आणि रोज रिकाम्या पोटी पुडी घ्यायची. मी तर धन्यच झाले की चला, कारण तरी सापडलं. पुढे कितीतरी उशिरा कळलं की दर ५ बायकांमध्ये साधारण एकीची पिशवी मागे झुकलेली असतेच, तो आजार नाही, तिच्यामुळे मूल राहायचं अडत नाही आणि पोट चोळून ती सरळही होत नाही. नाडीवरून तर नळ्या उघड्या आहेत की बंद, बीज तयार होतंय की नाही, काहीच कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा डाय सोडून काढलेला एक्स-रे लागतो.

मी विचारलं, यांची पण टेस्ट करू का? तर म्हणाला, "त्यांना संबंध जमतो ना? मग त्यांच्यात काही दोष नाही." हे वाक्य घरात सगळ्यांना इतकं आवडलं की विषयच संपला. मला आज सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो. संबंध जमणं आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू असणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं, आणि त्याची टेस्ट सगळ्यात सोपी, सुई सुद्धा टोचावी लागत नाही. तरी पोट माझंच चोळलं जात होतं, दर आठवड्याला, दुखेपर्यंत.

दुसरं त्याने केलं ते म्हणजे माझी थायरॉइडची गोळी बंद केली. २६ व्या वर्षापासून चालू होती. म्हणाला की त्या गोळीच्या उष्णतेनेच गर्भ जळतो. मी बंद केली. (कृपया, कृपया डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी कुणी बंद करू नका.) थायरॉइड कमी पडलं की पाळीचं चक्र बिघडतं, बीज वेळेवर सुटत नाही. माझंही तेच झालं, पाळी लांबायला लागली, आणि तो म्हणायचा बघा, औषध लागू पडतंय, शरीर गर्भ धरायला बघतंय!! घरी टेस्ट करायची नाही, सोनोग्राफी तर अजिबात नाही, मशीनच्या लहरींनी कोवळा गर्भ सुकतो. पाळी आली की म्हणायचा राहिलं होतं, तुमच्या काळजीने सुटलं. म्हणजे दर वेळी चूक माझी. मी घरी येऊन न झालेल्या बाळासाठी रडायचे. नायजेरियात तर अशाच लोकांनी बायकांना पोट फुगवणारी औषधं देऊन महिनोन्महिने गरोदर असल्याचं भासवलंय, तिथेही अट हीच, डॉक्टरकडे जायचं नाही. त्यामुळे तपासणीला जाऊ नका असं जो सांगेल त्याच्याकडून त्याच पावली परत या.

त्याच्यावर विश्वास बसायचं मोठं कारण म्हणजे त्याच्या मोबाइलमधली रेकॉर्डिंग्ज. बायका रडत रडत सांगतायत, दिवस राहिले, तुमचे उपकार. त्यातल्या काही खऱ्याही असतील. कारण पहिल्या वर्षात ज्यांना राहत नाही अशांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात काहीही न करता राहतं. शंभर जोडपी आली आणि त्याने नुसती राख दिली तरी बऱ्याच जणी पेढे घेऊन परत येणार, आणि ज्यांना राहिलं नाही त्यांचं रेकॉर्डिंग कोण करतंय? हे मला त्या खोलीत बसून सुचलं नाही.

दुसरं वर्ष सरता सरता माझं पोट सारखं दुखायला लागलं, बद्धकोष्ठता, तोंडाला धातूसारखी चव, जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन खूप खाली गेलेलं. एका डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कसली पुडी-बिडी घेताय का?" मी खोटं बोलले, मग रडत खरं सांगितलं. त्यांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. १०० मिलिलिटर रक्तात ३१ मायक्रोग्रॅम आलं. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅमला आणि त्यापुढे शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा म्हणते. उरलेली पुडी लॅबला पाठवली, शिसं त्यातच होतं. त्यांनीच सांगितलं की २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ६ गरोदर बायकांच्या रक्तात असंच शिसं सापडलं होतं, त्याही आयुर्वेदिक म्हणून आणलेली औषधं घेत होत्या.

आणि मग त्या म्हणाल्या की हे उतरेपर्यंत तुम्ही मूल राहू द्यायचं नाही. शिसं वारेतून थेट बाळाच्या रक्तात आणि मेंदूत जातं, हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. बाळासाठी म्हणून जे मी श्रद्धेने रोज खाल्लं त्याच्यामुळेच आता बाळासाठी थांबायचं.

त्याच महिन्यात नवऱ्याची टेस्ट झाली, पहिल्यांदा. मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात, त्याचे १८ लाख. तीन महिन्यांनी परत केली, कारण नवीन शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, तेव्हाही तेवढेच. माझ्या नळ्या उघड्या, पिशवी ठीक. नवरा रिपोर्ट हातात धरून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दोन वर्षं तू माझं दुखणं सोसलंस." मी काहीच बोलले नाही.

आता शिसं १२ वर आलंय, थायरॉइडची गोळी परत सुरू आहे. डॉक्टर इक्सीबद्दल (एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात ते) बोलतायत, पण पुढच्या महिन्यात मी ३५ ची होईन आणि या वयानंतर बीजं भराभर कमी होतात. पैसे किती गेले ते लिहीत नाही, ते कमावता येतील.

एक गोष्ट राहिली. गोळी बंद केल्यावर एकदा माझी पाळी ११ दिवस लांबली होती, तेव्हा त्याने माझाही आवाज रेकॉर्ड करून घेतला. बाराव्या दिवशी पाळी आली. मी नंतर ते काढून टाकायला सांगितलं, त्याने फोन ठेवून दिला. ते अजून वाजतंय, ओळखीच्या एकीने ऐकलंय. कुणी तुम्हाला मोबाइल कानाला लावून एका बाईचा आवाज ऐकवला, "मला दिवस राहिले, मी खूप आनंदात आहे" म्हणणारा, तर ती मी असू शकते.